ठाण्याची डायरी आणि गावाची वही

(दिवाळीनंतरच्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले भाषण. बोलताना जे पुढेमागे झाले ते लिहून काढताना थोडे जुळवले आहे. मध्येच लोकांनी जे विचारले तेही ठेवले आहे.)



काल दिवसभर आपण नेवाडीवर बोललो. कोणाचा पंचनामा झाला, कोणाचा राहिला, आधीपासून कसतो हे दाखवायला काय काय चालते, दंडाची पावती चालते का, म्हाताऱ्यांची साक्ष चालते का. आज आम्हाला पोलिसांवर बोलायला सांगितले आहे. काल रात्री शेकोटीवर एक जण म्हणालाच, जमिनीच्या शिबिरात पोलीस कशाला आणता? बाबा, आपण आणले नाहीत तरी ते येतातच. जमिनीचा दावा तहसीलमध्ये पडून असतो, हरकत जंगल खाते घेते, पण पहाटे कोंबडा आरवायच्या आधी दाराशी उभा राहतो तो पोलीस. आणि एकदा माणूस आत गेला की जमिनीचे राहते बाजूला, घरदार जामिनाच्या मागे लागते. बैल विकले जातात. नेवाड कसायला बैल राहिले नाहीत तर दावा मंजूर होऊन काय उपयोग?

म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. १९९६ च्या पावसाळ्यातली. आपल्यातल्या एका भावाला नेवाडीवरून उचलले. नाव घेत नाही. तो इथेच बसला आहे, त्याची हरकत नाही, पण त्याच्या केसच्या तारखा अजून चालू आहेत. सोमवार होता. सोमवार हे आम्हाला पक्के ठाऊक, कारण त्या दिवशी खालच्या गावचा बाजार असतो आणि त्याची बायको बाजाराला गेली होती. ती संध्याकाळी परत आली तर औत शेतात तसेच पडलेले आणि बैल कोणीतरी सोडून झाडाला बांधलेले. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितले, चार जण आले होते, दोन खाकीतले, दोन साध्या कपड्यातले. कुठे नेले ते ठाऊक नाही.

आम्ही मंगळवारी ठाण्यावर गेलो. जमादार म्हणाला, असा कोणी माणूस इथे नाही, जंगलवाल्यांना विचारा. नाक्यावर गेलो तर ते म्हणाले, पोलिसांना विचारा. बुधवार असाच गेला. गुरुवारी त्याला कोर्टात उभे केले तेव्हा आम्हाला तो दिसला. पाय फरफटत चालत होता. कागदावर काय लिहिले होते? अटक बुधवारी, रात्री नऊ वाजता, बस स्टँडजवळ. झाड तोडले आणि सरकारी कामात अडथळा आणला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारले, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मागे तोच शिपाई उभा होता. तो म्हणाला, नाही.

पुढे आपल्या वकिलांनी मुद्दा काढला की याला सोमवारी धरला, दोन रात्री बेकायदा ठेवला. चोवीस तासांच्या वर मॅजिस्ट्रेटसमोर न नेता ठेवता येत नाही, हे घटनेत लिहिले आहे, कलम २२ मध्ये, आणि फौजदारी कायद्यातही आहे. साहेब म्हणाले, बरोबर आहे, पण सोमवारी धरला याला पुरावा काय? पोलिसांकडे स्टेशन डायरी होती. तिच्यात ओळीने नोंदी, वेळ घातलेली, खाली सही. आमच्याकडे काय होते? बायकोचा बाजार, झाडाला बांधलेले बैल आणि म्हाताऱ्याची आठवण. म्हाताऱ्याला विचारले, तारीख सांगा. तो म्हणाला, दुसरी निंदणी चालू होती. कोर्टात लोक हसले.

त्या हसण्याचा आम्हाला फार राग आला. येताना एसटीत कोणी कोणाशी बोलले नाही. म्हातारा खरे बोलत होता तरी त्याचे काही चालले नाही. डायरी खोटी होती तरी ती खरी ठरली, कारण ती लिहिलेली होती. आजचे आमचे सगळे बोलणे या एकाच गोष्टीवर आहे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. त्याच वर्षाच्या शेवटी, १८ डिसेंबर १९९६ ला, सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. डी. के. बसू यांचा निकाल म्हणतात त्याला. हे बसू पश्चिम बंगालमध्ये गरिबांना कायद्याची मदत करणाऱ्या संस्थेचे काम पाहायचे. कोठडीत माणसे मरतात अशा बातम्या पेपरात येत होत्या, त्या बघून त्यांनी १९८६ साली सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिले. साधे पत्र. कोर्टाने त्या पत्रालाच केस धरले. निकाल लागायला दहा वर्षे लागली, हेही लक्षात ठेवा, पण लागला.

त्यात अकरा गोष्टी सांगितल्या आहेत. निकाल इंग्रजीत आहे. आम्ही दोघातिघांनी डिक्शनरी घेऊन वाचला आणि जिथे अडले तिथे धुळ्याच्या वकिलांना विचारले. सगळ्या अकरा आता म्हणत नाही, त्या मागच्या पानावर वेगळ्या छापू. आपल्या कामाच्या तेवढ्या सांगतो.

धरायला येणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्वच्छ दिसेल असा पाहिजे. धरतानाच, तिथल्या तिथे, अटकेचा कागद करायचा. त्यावर वेळ आणि तारीख घालायची, धरलेल्या माणसाची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि एका साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदार घरचा पाहिजे, नाहीतर त्या वस्तीतला प्रतिष्ठित माणूस पाहिजे. या शब्दाकडे आम्ही परत येऊ. धरलेल्या माणसाच्या नातेवाइकाला किंवा मित्राला शक्य तितक्या लवकर कळवायचे, कुठे ठेवला आहे तेही सांगायचे. त्याने मागितले तर धरल्या धरल्या त्याचे अंग तपासून आधीच्या जखमा लिहायच्या आणि त्या कागदाची नक्कल त्याला द्यायची. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरने तपासायचे. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येते, पूर्ण वेळ नाही, पण भेटता येते. सगळ्या कागदांच्या नकला मॅजिस्ट्रेटकडे जायला पाहिजेत. आणि बारा तासांच्या आत जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला कळवून तिथल्या फळ्यावर लावायचे. हे जो पोलीस करणार नाही त्याच्यावर खात्याची कारवाई तर होईलच, शिवाय कोर्टाचा अपमान केला म्हणून हायकोर्टात केस होऊ शकते.

निकालात असेही आहे की हे नियम प्रत्येक ठाण्यात दिसेल अशा जागी लावावेत, रेडिओवर सांगावेत, लोकांच्या भाषेत पत्रके वाटावीत.  रेडिओवर आम्ही तरी ऐकले नाही. ज्या ठाण्यांवर आमचे जाणे होते तिथल्या भिंतीवर आम्ही पाहिले. गणपतीचा फोटो आहे, हजर-गैरहजरचा फळा आहे, गुन्ह्यांचा तक्ता आहे.

आणि जिल्ह्याच्या फळ्याचे काय? आपल्या डोंगरातून जिल्ह्याच्या गावाला जायचे म्हणजे आधी चालत सडकेला या, मग एसटी. दिवस जातो आणि मजुरी बुडते. नवऱ्याचे नाव फळ्यावर आहे का हे बघायला बाई तिथवर जाईल का? आणि गेली तरी वाचील का? शहरातल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून हा नियम केला आहे. चांगला आहे, पण डोंगरात तो आपोआप पोचत नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ. वस्तीतला प्रतिष्ठित माणूस. झडतीच्या वेळीही कायदा तेच सांगतो, त्या भागातले दोन प्रतिष्ठित आणि स्वतंत्र पंच. आपल्याकडे पोलीस प्रतिष्ठित कोणाला धरतात? दुकानदाराला. सावकाराच्या पोराला. नाक्यावरच्या चहावाल्याला, ज्याच्या सह्या शंभर पंचनाम्यांवर आहेत. तो बिचारा कधी जागेवर गेलेलाही नसतो, चहा गाळता गाळता सही करतो. किंवा पोलीस पाटलाला. पोलीस पाटील आपल्याच गावचा असतो, काही फार चांगले आहेत, एक दोन इथे बसलेही आहेत, त्यांनी राग मानू नये. पण १९६७ च्या कायद्याने त्याला सरकार नेमते आणि सरकारच काढते. गावाला त्यात विचारत नाहीत. तो ठाण्याला बातमी देतो. ठाण्याची बातमी गावाला देतो का, हे प्रत्येकाने आपापल्या पाटलाला विचारावे.

मग आम्ही म्हणतो, प्रतिष्ठित कोण हे ठरवायचे कोणी? कोर्टाने त्याची यादी दिलेली नाही. ज्याच्याकडे पक्के घर तो प्रतिष्ठित असे कुठे लिहिलेले नाही. वस्तीतला माणूस प्रतिष्ठित आहे की नाही हे वस्तीला कळते, फौजदाराला काय कळणार? तेव्हा प्रत्येक पाड्याने सभा घ्यावी आणि ठराव करावा की आमच्या वस्तीत अटकेच्या कागदावर किंवा झडतीच्या पंचनाम्यावर सही करायला ही तीन माणसे आम्ही प्रतिष्ठित मानतो. तिघांत एक बाई पाहिजेच. ठरावाची एक प्रत ठाण्यावर द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच देत नसतील तर पोस्टाने पाठवायची. उद्या चहावाल्याची सही दिसली की वकील विचारील, साहेब, गावाने तीन नावे कळवली असताना यांना का बोलावले? पोलीस ऐकतीलच असे आम्ही म्हणत नाही. पण आज त्यांना उत्तरच द्यावे लागत नाही, तेव्हा द्यावे लागेल.

(इथे एका बहिणीने विचारले, सही करायला लावली आणि कोऱ्या कागदावर घेतली तर?) कोऱ्या कागदावर अंगठा नाही म्हणजे नाही. घरी बसून सांगतो तेवढे सोपे नाही ते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तीन माणसे आधीच ठरलेली असली आणि मागे पाडा उभा असला तर जरा सोपे होते. आणि साक्षीदार म्हणून जो जबाब घेतात, त्यावर तर सही घ्यायचीच नसते. बाईला आणि पंधरा वर्षांखालच्या मुलाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसाने घरी येऊन विचारायचे. हे आपल्या पोरींना पाठ पाहिजे.

पोरींचे निघाले म्हणून सांगतो. गडचिरोलीकडे देसाईगंज म्हणून गाव आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. १९७२ च्या मार्च महिन्यात तिथल्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. चौदा ते सोळा वर्षांची असेल. तो खटला तिच्या नावाने ओळखतात, आम्ही नाव घेत नाही, तिचे नाव लोकांनी फार वेळा घेऊन झाले. सेशन कोर्टाने पोलिसांना सोडले. नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली. १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले, म्हणे अंगावर जखमा नाहीत, तिने विरोध केल्याचे दिसत नाही. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यांच्यात वसुधा धागमवार होत्या, ज्यांना आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या जुन्या लोकांनी पाहिले आहे. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. आता कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आला हे सिद्ध झाले आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्ट तिचे खरे धरून चालते. उलटे दाखवायचे ते आरोपीने.

हे बरेच जणांनी ऐकलेले असते. आम्ही निकाल वाचला तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. त्या रात्री तिच्या घरची माणसे ठाण्याबाहेर थांबलेली होती. दिवे गेले, दार लागलेले, म्हणून त्यांनी हाका मारल्या. ती बाहेर आली, तिने सांगितले आणि गर्दी जमली. गर्दी इतकी तापली की ठाणे जाळू म्हणाली. तेव्हा मोठ्या जमादाराला बोलावून आणले आणि मग तिची फिर्याद लिहिली गेली. म्हणजे फिर्याद लिहिली कशामुळे? दाराशी माणसे होती म्हणून. ती घरी निघून गेली असती तर ना खटला झाला असता, ना पत्र, ना कायदा. ठाणे जाळायचे आम्ही सांगत नाही, उगाच कोणी तसे लिहून नेऊ नका, मागे कोण कोण बसले आहे ते आम्हाला दिसते आहे. आम्ही एवढेच सांगतो की आपला माणूस आत असला तर बाहेर माणसे पाहिजेत. दोन तरी. रात्रभर. भाकरी बांधून.

आता वही. आम्ही त्या हसण्यानंतर काही पाड्यांमध्ये वही सुरू केली. शंभर पानांची साधी वही. पोलीस किंवा जंगल खात्याचे कोणीही पाड्यात आले की लिहायचे. कोणता दिवस, कोणता बाजार जवळ होता, ऊन कुठे होते किंवा घड्याळ असेल तर किती वाजले. किती जण होते, खाकी किती, छातीवर नाव होते का, असेल तर काय. गाडी सडकेला उभी असेल तर नंबर. कोणाला काय म्हणाले, काय नेले. कुऱ्हाड नेली, कोंबडी नेली, तेही. (हशा.) हसू नका, एका पाड्याच्या वहीत दोन महिन्यांत सात कोंबड्या आहेत. एकही पावती नाही. खाली ज्यांनी स्वतः पाहिले त्या दोघांचे अंगठे.

(एका आजीने विचारले, आमच्या पाड्यात लिहिणारे कोण आहे? सगळे अंगठेवाले.) आजी, आश्रमशाळेची पोरे सुट्टीत येतात ती लिहितील. ती नसतील तर जवळच्या पाड्यात जिथे लिहिणारा आहे तिथे माणूस धावत पाठवायचा, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहिलेले कच्चे. एका ठिकाणी तिसरीतल्या पोराने जीपचा नंबर कोळशाने घराच्या कुडावर लिहून ठेवला होता. तो नंबर पुढे कामाला आला.

कसा आला ते सांगतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच भागातून दोघांना नेले. वहीत नोंद झाली, वेळ, नंबर, सगळे. मग एक पोरगा धावत तालुक्याला गेला आणि पोस्टातून दोन तारा केल्या. एक जिल्हा पोलीस अधीक्षकांना आणि एक मॅजिस्ट्रेटला. अमुक दोघांना आज सकाळी अमुक ठिकाणाहून अमुक नंबरच्या जीपमधून नेले, कुठे ठेवले कळवावे. तारेला तेव्हा पैसे लागत, शब्दाप्रमाणे लागत, म्हणून थोडक्यात. पण तारेची पावती मिळे आणि त्या पावतीवर पोस्टाचा शिक्का आणि तारीख असे. तो शिक्का कोणाच्या आठवणीवर नव्हता. मग पोलीस कागदावर दोन दिवसांनंतरची अटक दाखवू शकले नाहीत, कारण त्या दिवशीची तार पोस्टात होती. त्या दोघांना दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात हजर केले. केस झालीच, जामीन लागलाच. पण दोघे सरळ चालत आले.

चॅप्टर केसचेही वहीत लिहा. ती ज्यांना लागली त्यांनी हात वर करा. बघा, अर्धे शिबिर. गुन्हा काही केलेला नाही, पण शांतता भंग कराल असे साहेबांना वाटते. अशा अटकेत मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय चोवीस तासांवर ठेवता येत नाही. मग तहसील कचेरीच्या तारखा. तारखेला जायचे, साहेब दौऱ्यावर, पुढची तारीख. एका जणाच्या किती तारखा झाल्या, किती मजुऱ्या बुडाल्या, हे कोणी मोजले आहे का? सरकारनेच १९७७ ला पोलीस आयोग नेमला होता. त्याने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले आणि एकात म्हटले की देशात होणाऱ्या अटकांतल्या जवळजवळ ६० टक्के अटका गरज नसलेल्या किंवा समर्थन करता न येणाऱ्या असतात. सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या एका निकालात तो आकडा पुन्हा सांगितला. आपल्या भागात किती टक्के? आपल्या वह्या भरल्या की सांगता येईल. आता नुसते जुलूम जुलूम म्हणतो, ते कोणी ऐकत नाही.

आता दोन गोष्टी आपल्याच विरुद्ध बोलायच्या आहेत, त्या ऐकून घ्या.

पहिली. वहीत खोटे लिहायचे नाही. एका पाड्यात भांडणात कोणीतरी आपल्या भाऊबंदाला पोलिसांनी मारले असे लिहिले. आम्ही जाऊन विचारले तर मारले नव्हते, दरडावले होते. आम्ही ते पान फाडले नाही. त्याच्यावर लिहिले की हे खरे नाही, आणि सभेत वाचले. त्याचा राग आहे काही जणांना. पण पोलिसांची डायरी खोटी म्हणून आपण कोर्टात ओरडायचे आणि आपली वहीही तशीच, असे चालेल का? एक पान खोटे निघाले की नव्याण्णव पाने गेली. आणि ठाण्यावर जाऊन मिटवून देतो म्हणून पैसे घेणारे आपल्यातच आहेत. तेही वहीत येईल. नाव कार्यकर्त्याचे असले तरी.

दुसरी. पोलीस गावात येऊच नयेत असे आपण म्हणतो का? आम्ही तरी म्हणत नाही. आपल्यात डाकीण ठरवतात. एखाद्या विधवेला, जिच्याकडे चार बिघे जमीन आहे तिलाच बहुतेक. तिला मारतात, गाव सोडायला लावतात. ती बाई ठाण्यावर गेली तर जमादार म्हणतो, हे तुमच्या समाजाचे आहे, पंचात मिटवा. तिथे त्याला आपला समाज बरोबर आठवतो! तिची फिर्याद घेतली नाही हीसुद्धा पोलिसांची कसूर आहे आणि तीही वहीत लिहायची. फिर्यादीची नक्कल फुकट द्यायची असते. घेतच नाहीत तर पोस्टाने अधीक्षकांना पाठवता येते, तेही कायद्यात आहे. दारूचे तसेच. शहाद्याकडे पूर्वी बायकांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा ठाणे कुठे होते? म्हणजे पोलीस आले ते लिहा आणि बोलावून आले नाहीत तेही लिहा. पंचांनी जर बाईला मारायला लावले असेल तर गावाची वही त्या पंचांच्या हातात ठेवू नका.

जुन्या माणसांना हे नवीन वाटणार नाही. इंग्रजांनी १८२५ ला खानदेशात भिल्ल पलटण उभारली, भिल्लांवर भिल्लच पहारा. शहाद्याला १९७१ च्या सुमारास मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या. जीपगाड्या, काठ्या, राखणदार, म्हणजे खाजगी पोलीसच. कोणी कणसे तोडली म्हणून आपल्या माणसांना किती मार बसला ते अंबरसिंग महाराजांबरोबर असलेली माणसे सांगतील. १९ नोव्हेंबर १९९३ ला, तेव्हाच्या आपल्याच धुळे जिल्ह्यात चिंचखेडीला पोलिसांच्या गोळीने पंधरा वर्षांचा मुलगा गेला. आपली पोरेही आता एसआरपीत जातात, पोलिसात जातात. जाऊ द्या, पोटाचा प्रश्न आहे. त्यांनाही हे अकरा नियम वाचून दाखवा, त्यांना ठाण्यात कोणी दाखवलेले नसतील.

(कारभाऱ्यांनी विचारले, आदिवासी ग्रामसभेचा कायदा झाला, त्यात पोलिसांवर आपला हक्क आला का?) सरळ सांगतो, नाही आला. २४ डिसेंबर १९९६ चा तो कायदा. त्यात ग्रामसभेला पुष्कळ आहे. आपल्या रीतीने तंटे मिटवणे, जमीन बाहेर जाऊ न देणे, गेलेली परत मिळवणे, सावकारीवर आणि दारूवर ताबा, सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर ताबा. शाळेचा गुरुजी, नर्सबाई त्यात येतात. पोलीस हा शब्द त्या यादीत नाही. ओढून ताणून आम्ही तो आत बसवणार नाही, कोर्टात उघडे पडू. पण सभेने फौजदाराला बोलावले आणि सांगितले की वर्षातून दोनदा येऊन आमच्या गावातून किती जणांना धरले, का धरले, किती सुटले ते सांगा, तर ते बोलावणे कुठल्या कायद्यात बसत नाही? तो येणार नाही. मग सभेच्या वहीत लिहायचे, बोलावले, आले नाहीत. पुढच्या सभेला परत बोलावायचे. फौजदार बदलून जातो दोन तीन वर्षांनी, वही गावातच राहते. कायद्यात पोलीस हा शब्द यावा म्हणून मुंबईला मागणी करायची ती वेगळी, तिचा मसुदा दुपारी वाचू.

शेवटी पत्रांचे. ओडिशातल्या एका आईचा बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला, दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या रुळावर त्याचे प्रेत मिळाले. तिनेही सुप्रीम कोर्टाला पत्रच लिहिले होते. १९९३ ला कोर्टाने सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मुलगा आला नाही. त्याच वर्षी दिल्लीला मानवी हक्क आयोग झाला. त्याला साध्या पत्राने मराठीत लिहिता येते, फी नाही, वकील नाही, पण वर्षाच्या आत लिहिले पाहिजे. त्यासाठी तारीख लागते. म्हणून पुन्हा वही.

आता कामाचे बोलतो. दिवाळी झाली, ऊसतोडीचे मुकादम फिरू लागले आहेत. पंधरा दिवसांत निम्मा पाडा सुरतेकडे, बारडोलीकडे जाईल. ज्या तिघांची नावे ठरावात घालाल त्यांतला निदान एक माघारी राहणारा पाहिजे, नाहीतर यादी गावात आणि माणसे उसात. ज्या घरात फक्त म्हातारी आणि पोरे राहणार आहेत ती घरे वहीत वेगळी लिहून ठेवा. कळवण्याच्या खर्चासाठी प्रत्येक पाड्याने थोडे पैसे बाजूला काढायचे, ते कोणाकडे ठेवायचे ते सभेत ठरवा, कार्यकर्त्याकडे ठेवू नका.

वह्या आणल्या आहेत, मागच्या खोलीत आहेत, पाड्यामागे एक. जेवणाच्या आधी घेऊन जा. ज्यांनी मागच्या खेपेला नेली आणि भरली त्यांनी ती दाखवायला आणावी, आम्ही नक्कल करून परत देऊ. पहिल्या पानावर पाड्याचे नाव घाला आणि ज्या दिवशी सुरू केली तो बाजार कोणता होता ते.